हे तुमचं की त्यांचं?

मंगळवार, ३ फेब्रुवारी

वही आजच मिळाली. बाईंनी सगळ्यांना एकेक दिली. म्हणाल्या, "रोज लिहायलाच हवं असं नाही. पण लिहाल ते खरं लिहा. ही वही कोणीही बघायला मागणार नाही, मीसुद्धा नाही." म्हणून लिहितो. मी चौतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नळांचे नकाशे काढले. नकाशाच्या कोपऱ्यात दोन ओळींची टीप, यापलीकडे लिहायची सवय नाही.

तर टीप अशी. या संस्थेत कुटुंबांचं समुपदेशन शिकवतात. घरात भांडण असो, अबोला असो, अख्खं कुटुंब समुपदेशकासमोर येऊन बसतं आणि तो वाट काढायला मदत करतो. शिकणारे नऊ जण आहेत. बाई त्यांना नीतिनियम शिकवतात, म्हणजे काय करावं, काय करू नये, कोणाचं काय कोणाला सांगू नये. पण पुस्तकातून शिकवत नाहीत, करायला लावतात. त्यासाठी त्यांना एक खोटं कुटुंब लागतं. वाचनालयाच्या फलकावर चिठ्ठी होती : "वडील पाहिजेत. वय साठच्या पुढे. मंगळवार, शुक्रवार, अकरा ते एक. चहा मिळेल." मी ती तीनदा वाचली. वडील पाहिजेत असं कुठे लिहिलेलं यापूर्वी पाहिलं नव्हतं.

ही जूनमध्ये गेली. ही म्हणजे माझी बायको. (वही कोणी वाचणार नाही तर हे कोणाला सांगतोय?) तेव्हापासून अकरा ते एकच काय, सगळीच वेळ मोकळी असते.

खोटी बायको टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. आवाज अजून तसाच आहे, पलीकडच्या गावाला ऐकू जाईल असा. खोटी मुलगी दातांच्या दवाखान्यात काम करते, तिची पाळी दुपारची. आज नुसती ओळख होती. टेलिफोनबाईंनी "अहो" म्हणून हाक मारली. मी खिडकीकडे बघत होतो.

"अहो, तुम्हालाच! लग्नाला पस्तीस वर्षं झाली आपल्या, अजून ऐकू येत नाही?"

सगळे हसले. मीही हसलो असेन. आठ महिन्यांत मला अहो कोणी म्हटलं नव्हतं.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

बाईंनी प्रत्येकाला कागद आणि लिफाफा दिला. आजवर कोणाला न सांगितलेली एक गोष्ट लिहायची, लिफाफा चिकटवायचा आणि शेजाऱ्याला द्यायचा. शेजाऱ्याने तो आठवडाभर सांभाळायचा, उघडायचा नाही, कायम जवळ ठेवायचा. आम्हा खोट्या कुटुंबालाही यातून सूट नाही.

मी कोरा कागद घातला. लबाडी झाली खरी. पण परक्या माणसाला काय लिहून द्यायचं?

माझा लिफाफा चष्मेवालीकडे गेला. ती नऊ जणांतली एक, पंचविशी-तिशीची, कमी बोलणारी. अवघड प्रश्न विचारायचा असला की आधी चष्मा पुसते. लिफाफा दोन्ही हातांनी घेतला आणि म्हणाली, "काका, सांभाळते." मला कोऱ्या कागदाची लाज वाटली.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

आज लिफाफे परत केले. एकाचा बसमध्ये राहिला होता, तो डेपोत जाऊन दोन तास बसून घेऊन आला. एकीच्या नवऱ्याने बिल समजून उघडला, ती रडवेली झाली होती. एकाने धुवायच्या पँटमध्ये ठेवला, त्याचा लगदा झाला. आणि टेलिफोनबाईंनी त्यांच्याकडचा लिफाफा त्याच दुपारी उघडला होता!

"उघडलात?" बाईंनी विचारलं.

"हो, उघडला. तीस वर्षं लोकांचे फोन जोडून दिले, एकाचंही बोलणं ऐकलं नाही. किती दिवस धीर धरायचा माणसाने?"

"मग आता कसं वाटतंय?"

"मेलं वाचलं नसतं तर बरं झालं असतं. आता त्या पोराकडे सरळ बघता येईना." आणि ज्याचा लिफाफा होता त्या दाढीवाल्याला म्हणाल्या, "बाळा, माफ कर. चहात माझी बिस्किटं तू घे." तो हसला तेव्हा कुठे त्या खाली बसल्या.

बाई एवढंच म्हणाल्या, "एका लिफाफ्याचं ओझं कळलं ना? उद्या प्रत्येक खुर्चीवरून एकेक मिळणार आहे." भाषण नाही, काही नाही. मला ही पद्धत आवडली.

चष्मेवालीने माझा लिफाफा परत दिला. प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवी चष्म्याच्या घरात ठेवली होती. कोपरासुद्धा दुमडला नव्हता. कोऱ्या कागदासाठी एवढं!

रविवार, १५ फेब्रुवारी

मुलीचा फोन. दर रविवारी दहाला येतो. रक्तदाबाची गोळी घेतली का, जेवलात का, दार नीट लावता का. मी हो, हो, हो म्हणतो. मग मी विचारतो, काम कसं चाललंय. ती बरं म्हणते. पाच मिनिटं होतात. पूर्वी फोन ही घ्यायची, तो तासभर चालायचा.

आज ठेवता ठेवता मधेच म्हणाली, "बाबा, आई गुरुवारी शिवणाच्या क्लासला जायची ना?"

मी क्षणभर थांबलो आणि हो म्हणालो. मग तीही थांबली आणि "हं" म्हणाली.

शिवणाच्या क्लासचं हे तिने कुठून काढलं कळत नाही. हिनेच तिला काही सांगून ठेवलं असणार. गुरुवारी मी हिला दवाखान्यात नेत होतो, सुई लावून तीन तास झोपवायचे. हिने बजावलं होतं, "तिची नोकरी नवीन आहे. कळलं तर सोडून येऊन बसेल. तिला काही सांगायचं नाही. शपथ आहे." मी सांगितलं नाही. फेब्रुवारी ते जून, चार महिने. मुलीला अजून वाटतं की सगळं एका रात्रीत झालं.

घरात बातम्या पोचवायचं खातं हिचं होतं. मुलगी सातवीत गणितात नापास झाली तेव्हा हिने मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच सांगितलं आणि वर, "तुम्हाला ठाऊक आहे हे तिला कळू देऊ नका, तिचा धीर जाईल." मी महिनाभर काही ठाऊक नसल्यासारखा वावरलो. मुलगी त्या महिन्यात माझ्याशी फार गोड वागायची, आजारी माणसाशी वागावं तसं. का ते कधी कळलं नाही.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

काल मंडईत चष्मेवाली दिसली. मी टोमॅटो निवडत होतो, ती हातभर अंतरावर. माझ्याकडे बघितलं आणि खांबाकडे बघावं तसं बघून कांद्यांकडे वळली. मन खट्टू झालं. मी स्वतः आधी कोणाला हाक मारत नाही, तो स्वभावच नाही. पण तिने तरी.

आज टेलिफोनबाईंना सांगितलं, तर त्यांनी भर वर्गात जाहीर केलं, "आमच्या ह्यांना तुमच्यातल्या एकीने मंडईत ओळख दिली नाही!" चष्मेवाली लाल झाली. बाई मात्र खूष. म्हणाल्या, "तिने बरोबर केलं. समोरच्याने तुमच्यापाशी मन मोकळं केलेलं असतं. चारचौघांत तुम्ही त्याला हाक मारली की बरोबरचा माणूस विचारतो, ही कोण? मग त्याने काय सांगावं? ओळख दाखवायची की नाही हे त्याने ठरवायचं. तुम्ही थांबायचं."

म्हणजे ती वाट बघत होती आणि मीही. कांदे-टोमॅटोच्या मधे दोघं उभे.

आज निळं कार्डही मिळालं. बसचा पास असतो तेवढं. खोट्या कुटुंबाचा खेळ चालू असताना कोणालाही नको वाटलं की ते वर करायचं. खेळ थांबतो. का केलं हे त्या दिवशी कोणी विचारायचं नाही.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

आमच्या खोट्या घराची कथा पक्की झाली. वडिलांची नोकरी गेली आहे. घरी सांगितलेलं नाही. रोज डबा घेऊन बाहेर पडतात आणि बागेत बसून येतात. समुपदेशकाला एकट्याने भेटून हे सांगतात आणि म्हणतात, बायकोला आणि मुलीला सांगू नका. मग सगळे एकत्र बसतात. आता समुपदेशकाने काय करायचं?

आज दाढीवाल्याची पाळी. मी त्याला गुपित सांगितलं. एकत्र बसल्यावर टेलिफोनबाई म्हणाल्या, "हे हल्ली डबा अर्धा परत आणतात." त्याला घाम फुटला. तो म्हणाला, "बागेत भूक लागत नसेल." आणि जीभ चावली. टेलिफोनबाई उठून उभ्याच राहिल्या, "बाग? कसली बाग? अहो, कोण आहे बागेत?" खोटी मुलगी हसता हसता खुर्चीवरून घसरली. बाईंनी डोळे पुसले. मी इतका हसलो की पोटात कळ आली. घरी येऊन दार उघडलं आणि सवयीने हाक मारली, हिला सांगायला.

मग चहा करून कपाट आवरलं. पिवळं कापड निघालं, सहा मीटर, घडी न मोडलेलं. मुलीने आणलं होतं एवढं आठवतं. ही शिवत कधीच नव्हती. हे कशाला?

शुक्रवार, ६ मार्च

बाईंनी सांगितलं, पुढच्या शुक्रवारी परीक्षा. बाहेरून परीक्षक येणार. एकट्याचं बोलणं बंद खोलीत होईल, ते ध्वनिमुद्रित करायचं, परीक्षक नंतर ऐकतील. माझ्या वाट्याला चष्मेवाली आली आहे.

संध्याकाळी आरशासमोर संवाद म्हणून बघितले. ही असती तर म्हणाली असती, नाटकात काम करताय की मुलगी बघायला चाललाय? शर्टाला इस्त्री केली.

शुक्रवार, १३ मार्च

फार वाईट झालं. माझ्यामुळे.

खोली लहान, दोन खुर्च्या, मधे बुटकं टेबल, त्यावर ध्वनिमुद्रणाचं यंत्र. चष्मेवालीने नियमाप्रमाणे विचारलं, "हे ध्वनिमुद्रित होतंय, परीक्षक ऐकतील, चालेल ना?" मी हो म्हणालो. मी माझं वाक्य म्हटलं, "मी रोज डबा घेऊन बाहेर पडतो." तिने विचारलं, "कुठे जाता?"

बागेत, असं म्हणायचं होतं. तिने विचारलं कसं कोण जाणे, खरोखर जाणून घ्यायचं असल्यासारखं. मी म्हणालो, "गुरुवारी दवाखान्यात." आणि थांबता येईना. मुलीला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती, मी पाळली. मुलगी त्या चार महिन्यांत चारदा आली. रजा कशी मिळवायची देव जाणे, यायची ती नेमकी बुधवारी रात्री. मग दुसऱ्या दिवशी दवाखाना राहायचा, कारण तिला कळलं असतं. आई, चल बाजारात जाऊ, म्हणून ती हिला घेऊन जायची. दोघी दमून यायच्या, हातात खरेदी काही नसायची. मी घरात बसून घड्याळ बघायचो. चार गुरुवार बुडाले. मी बुडू दिले. मुलीला सांगितलं असतं तर बुडाले नसते आणि मग कदाचित.

एवढं बोललो. चष्मेवालीने चष्मा काढला, पुसला.

"काका, हे तुमचं की त्यांचं?"

"त्यांचं," मी म्हणालो.

 तिने खिशातून निळं कार्ड काढून टेबलावर ठेवलं आणि यंत्र थांबवलं. "हे पुसून टाकते," म्हणाली आणि माझ्यासमोर पुसलं. "तुम्ही खेळातल्या वडिलांच्या बोलण्याला हो म्हणाला होतात, काका. याला नाही." पाणी आणून दिलं. मी पाणी पीत असेपर्यंत बसून राहिली.

मी स्पष्ट त्यांचं म्हटलं होतं. तरी तिने विश्वास का ठेवला नाही?

मंगळवार, १७ मार्च

टेलिफोनबाईंनी जिन्यातच गाठलं. "मी ऐकत नव्हते हं. ऐकू आलं." परीक्षकांना जबरदस्त सर्दी आहे, त्यामुळे बारीक बोलता येत नाही. ते बाईंना सांगत होते की ही मुलगी घाबरली, मधेच उठली आणि ध्वनिमुद्रण पुसून टाकलं. तिने तसं का केलं ते एक पानभर लिहून द्यायचं होतं. तिने एक ओळ लिहिली, "कारण सांगणं माझ्या हातात नाही."

"तर ते म्हणाले, हातात नाही म्हणजे? मग कोणाच्या हातात आहे? आणि नापास म्हणाले. वर्ष गेलं पोरीचं." टेलिफोनबाईंनी नाक ओढलं. "काय हो, त्या खोलीत तुम्हीच होतात ना?"

"हो."

"मग?"

मी चहा आणायला गेलो.

बुधवार, १८ मार्च

बाईंकडे गेलो. वर्ग नव्हता, त्या एकट्याच खुर्च्या गोल मांडत होत्या. मी म्हणालो, "त्या मुलीची चूक नाही."

बाई म्हणाल्या, "काय झालं ते मी तिला विचारलं नाही. तिने सांगितलं नाही. तुम्हालाही विचारणार नाही. परीक्षकांना मात्र निकाल दहा एप्रिलला पाठवायचाय." आणि एक खुर्ची माझ्याकडे सरकवली. मी बसलो नाही. पण त्यांच्याबरोबर उरलेल्या खुर्च्या मांडल्या.

गुरुवार, १९ मार्च

आज पाच चकरा मारल्या घरातल्या घरात. ती कोरा कागदसुद्धा पिशवीत घालून सांभाळते, मग हे कसं सांगेल? सांगितलं तर पास, नाही तर नापास, आणि ती नापास होऊन बसली आहे. मला नुसतं एवढं म्हणायचंय की ते माझं होतं.

अडचण अशी. परीक्षकांना सांगायचं तर मुलीच्या आधी एका सर्दी झालेल्या परक्या माणसाला कळणार. ते बरं दिसत नाही. मुलीला आधी कळायला हवं.

आणि शपथ? शपथ घालणारी नाही, सोडवायची कोणी? बराच वेळ फोटोसमोर उभा होतो. ही हसते आहे फोटोत, नेहमीसारखी, काहीतरी लपवल्यासारखी.

शनिवारची बस पकडतो. फोनवर जमणार नाही. मुलीने फोन ठेवून दिला तर मी काय करणार? समोर असलो तर निदान दार लावेपर्यंत वेळ मिळेल.

शनिवार, २१ मार्च

मुलीच्या घरी आहे. तिच्या टेबलावर लिहितोय. ती आत आहे, मधेच हसल्याचा आवाज येतो. सगळं लिहायला हवं. सगळं चांगलं झालं, एवढं आधी लिहून ठेवतो.

साडेअकराला पोचलो. न कळवता आलो म्हणून ती घाबरली. "बाबा! बरं आहे ना? गोळी घेतली ना?" मी चपला काढल्या आणि तिथेच उभ्याने बोललो, बसलो असतो तर राहून गेलं असतं. "तुझ्या आईचं दुखणं मला चार महिने आधीपासून माहीत होतं. तिने तुला सांगू नका म्हणून शपथ घातली. मी तुझ्याशी खोटं बोललो."

तिच्या हातात पाण्याचा पेला होता. 

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"चार महिने?"

"हो. दर गुरुवारी मीच न्यायचो."

"दर गुरुवारी तुम्ही... मग शिवणाचा क्लास?"

"कसला शिवणाचा क्लास? तूच फोनवर म्हणालीस."

ती खाली बसली. पेला बाजूला ठेवला. मग तिच्या तोंडून जो आवाज आला तो रडण्याचा की हसण्याचा मला कळेना. "बाबा, आईने मला फेब्रुवारीतच फोन करून सांगितलं होतं. म्हणाली, बाबांना यातलं काही कळू देऊ नकोस, ते जेवण टाकतील. त्यांना सांगितलंय की मी गुरुवारी शिवणाच्या क्लासला जाते. मी कापड आणून दिलं, पिवळं! तुम्हाला खरं वाटावं म्हणून!"

"ते कापड त्यासाठी होतं?"

"सहा मीटर! आणि आम्ही बाजारात नव्हतो जात. मी आले की मीच तिला दवाखान्यात न्यायची. तुम्हाला कळू नये म्हणून बाजार म्हणायचो."

मी विचारलं, "चारही वेळा?"

"चारही वेळा. परिचारिका म्हणायची, मुलगी आली की आजी खुशीत असतात."

"म्हणजे गुरुवार बुडाले नाहीत."

"एकही नाही, बाबा. का?"

मग मला बसावं लागलं.  ती माझ्याजवळ जमिनीवर बसली आणि एकदम म्हणाली, "बाबा, माझं सातवीचं गणित?"

"ठाऊक होतं. तुझा धीर जाईल म्हणून मला गप्प राहायला सांगितलं होतं."

"मला म्हणाली होती, बाबांना सहन होणार नाही, तू त्यांच्याशी गोड वाग!"

आम्ही इतके हसलो की शेजारच्या बाईंनी दार वाजवून विचारलं, सगळं ठीक आहे ना. मुलीने डोळे पुसत सांगितलं, "ठीक आहे. आमची आई सापडली."

फोनशिवाय आम्ही आज साडेपाच तास बोललो.

मंगळवार, २४ मार्च

परीक्षक जाड रुमाल घेऊन बसले होते. मी म्हणालो, "त्या खोलीत मी खेळातलं सोडून माझं स्वतःचं बोललो. तिने ओळखलं. मी नाही म्हटलं तरी ओळखलं. म्हणून थांबवलं."

"काय बोललात?"

"ते माझ्या मुलीला सांगितलं आहे," मी म्हणालो. एवढं ठामपणे मी कचेरीत साहेबांशीही कधी बोललो नव्हतो.

ते शिंकले. मग बाईंकडे बघून म्हणाले, "मला आधी का नाही कोणी सांगितलं?"

बाई म्हणाल्या, "तेच तर शिकवतो आम्ही."

त्यांनी चष्मेवालीला बोलावलं. ती दारात उभी राहिली, आधी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली तेव्हा आत आली. परीक्षकांनी तिचा एका ओळीचा कागद पुढे ओढला. "कारण तुमच्या हातात नव्हतं, हे बरोबर. पण ध्वनिमुद्रण नाही म्हणजे मी गुण कशाला देऊ? परीक्षा पुन्हा द्यावी लागेल."

ती म्हणाली, "देते की." आणि चष्मा न पुसता हसली.

शुक्रवार, ३ एप्रिल

पुन्हा तीच खोली. "मी रोज डबा घेऊन बाहेर पडतो." "कुठे जाता?" "बागेत. तिसऱ्या बाकावर. तिथे सावली असते." मी त्या नोकरी गेलेल्या माणसाचं सगळं सांगितलं, डब्यातलं कबुतरांना घालतो इथपर्यंत. मला त्याची खरंच दया आली.

मधेच तिने चष्मा पुसला. "काका, हे तुमचं की त्यांचं?"

"त्यांचं. सगळंच्या सगळं त्यांचं. माझी पेन्शन वेळेवर येते." दोघंही हसलो. हेही ध्वनिमुद्रित झालं, परीक्षकांनीही ऐकलं.

एकत्र बसल्यावर टेलिफोनबाईंनी तिला खिंडीत पकडायचा फार प्रयत्न केला. तिने एकदाही बाग म्हटलं नाही. शेवटी मला विचारलं, "आज घरी जाताना काही सांगावंसं वाटतंय का कोणाला? नसेल तर मी थांबते." मग मी खोट्या बायकोला खोट्या नोकरीचं खरं सांगितलं. त्या गप्प झाल्या. पहिल्यांदाच.

बाहेर आल्यावर म्हणाल्या, "अहो, मला ठाऊकच होतं. बायकांना ठाऊक असतं." मी म्हणालो, "तुम्हाला कथा आधी वाचायला दिली होती." "तरी पण," त्या म्हणाल्या.

चष्मेवाली पास झाली.

रविवार, १२ एप्रिल

मुलगी चार दिवसांसाठी आली आहे. काल आम्ही पिवळं कापड टेबलावर पसरलं. स्वयंपाकघराला पडदे करायचे ठरवले. तिने कात्री चालवली, एक बाजू चार बोटं लांब, दुसरी आखूड. मी नकाशाच्या पट्टीने मोजून दिलं होतं, तरी. "बाबा, कोणीतरी खरंच क्लासला जायला हवं होतं," ती म्हणाली. तसेच लावलेत. सकाळी सगळं स्वयंपाकघर पिवळं दिसतं.

आज मंडईत गेलो. गर्दी होती. मुलगी भाव करत होती आणि मी पिशवी धरून उभा होतो. पलीकडे कांद्यांपाशी चष्मेवाली. तिने मला बघितलं, माझ्या शेजारी मुलीला बघितलं आणि कांद्यांकडे वळली. एकेक कांदा उचलून बघू लागली, आजवर कधी कांदे पाहिलेच नसल्यासारखे.

मी जागच्या जागी उभा होतो. मग मला आठवलं की ती थांबली आहे. मी हाक मारेपर्यंत ती असेच कांदे बघत राहणार, सगळी टोपली संपली तरी.

"अहो, बाई! चष्मेवाल्या बाई!" एवढ्या मोठ्याने ओरडलो की भाजीवालीचा तराजू हलला. लोकांनी वळून बघितलं. टेलिफोनबाईंचा आवाज लागला असावा मला.

तिने कांदा खाली ठेवला आणि चेहराभर हसली.

मुलीने माझा हात धरला. "बाबा, तुम्ही? हाक? कोण आहेत ह्या?"

"ये, ओळख करून देतो," मी म्हणालो. "मी बोलत होतो आणि हिने थांबवलं, ती ही."